हैदराबादचा प्रश्न आणि जगाचे मौन : एक अभ्यास

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी आपल्या विद्यालयाच्या प्रांगणात ध्वजारोहण होते. मराठवाडा मुक्तिसंग्रामाची माहिती विद्यार्थ्यांना सांगण्याचे काम इतिहासाचा शिक्षक म्हणून बहुतेक वेळा माझ्याकडे येते. काही वर्षांपूर्वी असेच भाषण संपल्यावर सातवीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, रझाकार गावे जाळत होते, तेव्हा जगातल्या मोठ्या देशांना हे माहीत नव्हते का? आणि माहीत असेल तर कोणी का आले नाही?" मी त्याला तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते, हे मला त्याच क्षणी जाणवले. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा सविस्तर विचार करावा, असे वाटते. तो विद्यार्थी आज माजी विद्यार्थी झाला आहे. हा लेख त्याच्याही हाती पडेल, अशी आशा आहे.

राजवटीचे स्वरूप

आजचे डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातील गाव हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १९४८ मध्ये हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत लोकसंख्येचे संस्थान होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर होती. त्यातील औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी भाषकांचे होते.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान याची गणना जगातील सर्वांत श्रीमंत माणसांत होत असे. त्याच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी काढावी लागे. 'गश्ती निशाण ५३' या नावाने ओळखला जाणारा हुकूम जुन्या पिढीच्या चांगलाच स्मरणात होता. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. प्रजेला जबाबदार राज्यपद्धती नव्हती आणि मातृभाषेतून उच्च शिक्षणही नव्हते. खेड्यात देशमुख, पाटील, जहागीरदार यांची सत्ता चाले, आणि त्यांच्या दारात वेठ करणाऱ्या महार-मांगांना तर निजाम आणि गावगाडा असे दोन धनी होते. ही दुसरी गुलामगिरी निजामाने निर्माण केलेली नव्हती. तो येण्यापूर्वीपासून ती होती आणि तो गेल्यावरही ती संपली नाही. मुक्तिसंग्रामाचा इतिहास शिकवताना ही गोष्ट वगळली, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

१९४६ नंतर लातूरचा वकील कासीम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा प्रमुख झाला आणि रझाकार ही सशस्त्र संघटना वाढीस लागली. नांदेड भागातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोलीजवळ अर्जापूर येथे हत्या झाली. १९४७-४८ मध्ये तर गावे लुटणे, जाळणे, माणसे मारणे हे नित्याचे झाले. आपल्या भागातील असंख्य कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. नदीच्या अलीकडे निजामाचा अंमल होता, तर पलीकडे स्वतंत्र भारत. उमरखेडच्या बाजूला आश्रय घेतलेल्यांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांनी सांगितलेल्या असतील.

या जुलमाला केवळ हिंदू-मुसलमान असा रंग देणे सत्याला धरून होणार नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांचा निषेध केला आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये २१ व २२ तारखांच्या दरम्यानच्या रात्री हैदराबादेत त्यांची हत्या झाली. ते मुसलमान होते आणि जुलमी सत्तेला नकार देण्याची किंमत त्यांनी प्राणांनी चुकवली. ही तारीख लक्षात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

इंग्रजांचे अभय

निजामाची सत्ता इतकी वर्षे टिकली कशी, याचे उत्तर हैदराबादेत शोधून पुरत नाही, ते लंडनमध्येही शोधावे लागते. इ.स. १८०० च्या तैनाती फौजेच्या तहापासून इंग्रजांनी निजामाच्या गादीचे संरक्षण पत्करले होते. हे संरक्षण बाहेरच्या शत्रूपासून होते, तसेच प्रजेच्या असंतोषापासूनही होते. आपल्या हिंगोलीची छावणी याच व्यवस्थेचा भाग होती. पहिल्या महायुद्धात निजामाने पैशाची मोठी मदत केली आणि इंग्रजांनी त्याला विश्वासू दोस्त म्हणून गौरवले. दोस्ताच्या घरात प्रजेचे काय चालले आहे, हे विचारण्याची गरज साम्राज्याला वाटली नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचे सार्वभौमत्व संपले आणि निजामाने आपण स्वतंत्र असल्याची भूमिका घेतली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. भारतापुढे फाळणीचे निर्वासित होते आणि काश्मीरचे युद्ध होते. माउंटबॅटन यांना वाटाघाटींतून मार्ग निघेल अशी आशा होती. ही कारणे खरी होती. पण करार सरकारांमध्ये झाला होता, आणि जळणाऱ्या गावांना 'जैसे थे' या शब्दांचा अर्थ वेगळा लागत होता. त्याच काळात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पाकिस्तानमार्गे विमानांतून हैदराबादेत शस्त्रे पोहोचवत होता. जगातून मदत आली नाही असे म्हणणे म्हणूनच पूर्ण खरे नाही. मदत येत होती, परंतु ती राज्यकर्त्याला येत होती.

पॅरिसची बैठक

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. संयुक्त राष्ट्रसंघापुढे हैदराबादचा प्रश्न गेला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी शिकवली जात नाही. तो प्रश्न तेथे नेला मात्र रझाकारांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या प्रजेने नव्हे, तर खुद्द निजाम सरकारने. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांकडे भारताविरुद्ध तक्रार केली. एकीकडे शांततेच्या नावाने जगापुढे अर्ज जात होता आणि त्याच सुमारास राजधानीत एका संपादकाला सत्य लिहिल्याबद्दल ठार केले जात होते.

१३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबर रोजी सुरक्षा परिषदेची बैठक पॅरिसमध्ये भरली. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे अलेक्झांडर कॅडोगन होते. भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली, तर हैदराबादच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व मोईन नवाज जंग यांच्याकडे होते. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, असे आठ सदस्यांनी मत दिले. चीन, सोव्हिएत रशिया आणि युक्रेन तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने हा विषय पुन्हा उपस्थित केला, तेव्हाही काही निर्णय झाला नाही. 'हैदराबाद प्रश्न' कागदोपत्री मात्र पुढे अनेक दशके परिषदेच्या विषयसूचीत पडून राहिला.

या घटनाक्रमातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, राष्ट्रसंघाच्या दारी बोलण्याचा हक्क राज्यांना होता, माणसांना नव्हता. परभणी जिल्ह्यातील वेठबिगाराला तेथे अर्ज करण्याची सोय नव्हती. दुसरी, राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम २(७) प्रमाणे एखाद्या राज्याच्या अंतर्गत बाबींत संघाने हस्तक्षेप करू नये, असे ठरले होते. त्यामुळे परिषदेत वाद झाला तो हैदराबाद हे राज्य आहे की नाही, यावर. तेथील माणसे कशी जगतात, हा मुद्दा वादाचा विषय झालाच नाही. तिसरी, बड्या राष्ट्रांचे लक्ष त्या वेळी बर्लिनच्या नाकेबंदीवर होते आणि काश्मीरचा प्रश्न आधीच परिषदेपुढे होता. दख्खनमधील खेड्यांकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

त्याच पॅरिस शहरात तीनच महिन्यांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' या अर्थाचा शब्द बदलून 'सर्व माणसे' असा करावा, हा आग्रह भारताच्या हंसा मेहता यांनी धरला होता. माणसाचे हक्क कागदावर आले, हे मोठेच पाऊल होते. पण ज्यांना त्या हक्कांची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापर्यंत हा कागद पोहोचायला फार काळ लागणार होता.

बाबासाहेबांचा इशारा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सारे आधीच ओळखले होते. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वीच, त्रावणकोर व हैदराबाद यांनी स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्यांनी एक निवेदन काढले. संयुक्त राष्ट्रसंघ आपल्या रक्षणाला धावून येईल या भरवशावर संस्थानिकांनी राहू नये, असे त्यांनी त्यात बजावले. प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिल्याशिवाय संस्थानाला अशी मदत मिळणार नाही, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग होता. राज्याचा हक्क प्रजेच्या हक्कातून येतो, ही त्यांची दृष्टी होती. पुढे २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात त्यांनी पाकिस्तान व हैदराबादमधील अस्पृश्य बांधवांना उद्देशून सांगितले की, सवर्ण हिंदूंबद्दलच्या रागापोटी लीगवर विसंबू नका, आणि हैदराबादमधील समाजाने निजामाची बाजू घेऊ नये.

येथे एक अवघड गोष्टही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात दलितांचे एक नेते बी. श्याम सुंदर होते. त्यांची भूमिका बाबासाहेबांच्या भूमिकेच्या विरुद्ध होती आणि ती चुकली, असे माझे मत आहे. पण त्यांना एका शब्दात गद्दार ठरवून मोकळे होणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. उद्याच्या स्वतंत्र भारतात सवर्णांच्या हाती सत्ता गेल्यावर आमचे काय होईल, ही त्यांची शंका पोकळ नव्हती. एका जुलमापासून वाचण्यासाठी दुसऱ्या जुलमाच्या सावलीत उभे राहणे, हा मार्ग चुकीचा होता. शंका मात्र खरी होती.

१७ सप्टेंबरनंतर

पोलीस कारवाई यशस्वी झाली आणि आपण मुक्त झालो. या मुक्तीचा आनंद खरा आहे व तो साजरा केलाच पाहिजे. परंतु तिच्या मागोमाग अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना मिस्री यांचे एक मंडळ पाठवले. या मंडळाने कारवाईच्या काळात व त्यानंतर मारल्या गेलेल्यांचा आकडा अंदाजे २७,००० ते ४०,००० सांगितला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आपले शेजारचे नांदेडही होते. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांच्या बळींसाठी जग बोलले नाही, तसेच या बळींसाठीही बोलले नाही.

याउलट पैशाची गोष्ट पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून किंचित अधिक रक्कम लंडनमधील पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे बँकेत गेली. त्या रकमेचा वाद सात दशके चालला आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याचा निकाल भारत व निजामाच्या वारसांच्या बाजूने दिला. तोवर ती रक्कम वाढून साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. जगाने या पैशाचा हिशेब ठेवला. जळालेल्या घरांचा आणि मेलेल्या माणसांचा हिशेब मागायला कोणतेच न्यायालय बसले नाही.

आपल्या धम्माचे देश

हे केवळ हैदराबादबाबत घडले असे नाही. आपण बौद्ध आहोत, म्हणून दोन बौद्ध देशांची उदाहरणे घेतो. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत सुमारे १५ ते २० लाख माणसे मेली. भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, विहार ओस पडले. १९७९ मध्ये ही राजवट कोसळल्यावरही राष्ट्रसंघातील कंबोडियाची खुर्ची अनेक वर्षे त्यांच्याच बाजूकडे राहिली, कारण बड्या राष्ट्रांच्या राजकारणाला ते सोयीचे होते.

दुसरे उदाहरण ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे. जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला गेले होते. त्या देशात १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. त्यावर सुरक्षा परिषदेचा ठराव यायला २१ डिसेंबर २०२२ उजाडला आणि त्या वेळी चीन, रशिया व भारत तटस्थ राहिले. त्याआधी २०१७ मध्ये याच लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले. तेव्हा जगातील किती बौद्ध बोलले? जुलूम करणारा आपल्या धम्माचे नाव घेणारा असेल, तर आपले मौन अधिक लाजिरवाणे ठरते.

वेशीच्या आतले मौन

पॅरिस आपल्यापासून फार दूर आहे. शेजाऱ्याचे दार मात्र हाकेच्या अंतरावर असते. म्हणून शेवटी माझ्या घरची एक आठवण सांगतो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटू लागल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. शेजारच्या गावातून धूर दिसला आणि आमच्या वस्तीत पळापळ झाली. गावातली बहुतेक दारे बंद होती. एका मराठा शेतकऱ्याने मात्र आम्हाला आपल्या आखाड्यावर नेले आणि दोन रात्री ठेवून घेतले. त्याच्या भाऊबंदांनी त्याला पुढे कितीतरी दिवस टोमणे मारले, हे मला नंतर कळले.

त्या आखाड्यावर दुसऱ्या रात्री आजी माझ्या वडिलांना हळू आवाजात सांगत होती. ते मी पांघरुणातून ऐकले. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत एका रात्री गावातल्या पिंजाऱ्याची बायको लेकरू घेऊन आमच्या घरी आली होती. तिने कडी वाजवली, आजीचे नाव घेऊन हाक मारली. महारही रझाकारांचेच, अशी कुजबूज तेव्हा गावात होती. आजोबा घाबरले. "आम्ही दार नाही उघडलं," आजी म्हणाली. "सकाळी त्यांचं घर रिकामं होतं. पुढं काय झालं, कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

आजीला अक्षर येत नव्हते आणि राष्ट्रसंघ तिला ठाऊक नव्हता. पण जगाच्या मौनाची सगळी कारणे त्या एका वाक्यात होती. भीती होती, उद्या आपल्यावर बेतेल हा हिशेब होता आणि नंतर न विचारण्याची सोयही होती. मी तिला दोष देत नाही. त्या रात्रीचे भय मी भोगलेले नाही. मात्र तीस वर्षे तिने ती कडी मनात ऐकली, आणि दुसऱ्याने आपल्यासाठी दार उघडले त्या रात्रीच तिला ते बोलता आले, हे मी विसरू शकत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेला वाद हे दिले आहे. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव बहुमताने केला. सिद्धार्थाने विरोध केला आणि युद्धात भाग घेण्यास नकार दिला. कुटुंबावर बहिष्कार घालू, जमिनी जप्त करू, अशी धमकी आली, तेव्हा त्याने घरच्यांना झळ लागू न देता स्वतः परिव्रज्या पत्करली. म्हणजे आपल्या धम्माचा आरंभच मुळी आपल्याच माणसांच्या अन्यायापुढे गप्प न बसण्यातून झाला आहे.

त्या विद्यार्थ्याला आज मी असे उत्तर देईन : बाळा, जगाला माहीत होते. राज्ये आपापल्या सोयीने बोलतात आणि सोयीने गप्प राहतात. ती व्यवस्था बदलण्यासाठी झटले पाहिजे, म्हणून शिकले पाहिजे. परंतु ती बदलेपर्यंत आपल्या दाराची कडी आपल्या हातात आहे.

चिंतनासाठी काही प्रश्न

१) आपल्या कुटुंबातील ज्येष्ठांना १९४८ व १९७८ मधील आठवणी विचारून लिहून काढा. कोणी मदत केली, हे विचाराच. आपण कोणाला मदत केली नाही, हेही विचारा.

२) राज्याच्या 'अंतर्गत बाबी' आणि माणसाचे हक्क यांत विरोध आला, तर कशाला प्राधान्य द्यावे? बाबासाहेबांच्या जून १९४७ च्या निवेदनाच्या आधारे चर्चा करा.

३) शोएबुल्ला खान आणि रोहिणीकाठचा सिद्धार्थ यांच्यात कोणते साम्य दिसते?

४) आपल्या गावात आज कोणाच्या घराला बहिष्काराची किंवा भीतीची झळ लागते आहे? त्यांच्या दारापर्यंत आपण शेवटचे केव्हा गेलो होतो?

जय भीम. नमो बुद्धाय.